आधी हवेत ओढायची रेघ

शिरूरच्या एसटी स्टँडवरून आत्याच्या घराकडे जाताना वाटेत मडक्यांची दोन-चार दुकानं लागतात. दुकानं कसली, रस्त्याच्या कडेला विटांवर फळ्या टाकून मांडलेले माठ, रांजण, बोळकी. यंदाच्या चैत्रात मी तिथं उगाच थांबले. घ्यायचं काहीच नव्हतं. जमिनीवर ठेवलेल्या माठांची तोंडं चांगली वाटोळी दिसत होती. त्यावरच्या फळीवरची जरा चपटी, त्याच्याही वरची आणखी चपटी. आणि अगदी माझ्या डोळ्यांच्या पातळीत जो एक लहानसा माठ होता, त्याचं तोंड दिसतच नव्हतं. नुसती एक आडवी रेघ.

"वाजवून बघा की ताई," दुकानातली बाई म्हणाली.

मी बोटाच्या पेरानं माठ वाजवला. खणखणीत निघाला. भाजलेल्या मातीवर कुणीतरी नुकतंच पाणी शिंपडलं होतं, त्याचा वास आला, आणि त्या वासातून कितीतरी वर्षांपूर्वीचा एक आवाज कानाशी आला, "हा लंबगोल आहे, का भुईमुगाची शेंग?"

तो आवाज सोनवणे बाईंचा. आम्ही तेव्हा दौंडला रेल्वे कॉलनीत राहायचो. मी आठवीत होते. बाई आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींचा रविवारी सकाळी जादा तास घ्यायच्या. रिकाम्या शाळेत पावलांचे आवाजसुद्धा वेगळे वाटायचे. फिनेलनं पुसलेली फरशी, टोक काढलेल्या पेन्सिलींच्या सालपटांचा लाकडी वास, खिडकीच्या गजांतून बाकांवर पडलेलं तिरपं ऊन. बाई उंच, सडपातळ. खळीच्या सुती साडीला खडूचा एक तरी पांढरा डाग असायचाच. त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीवर त्यांनी स्वतः एक मोठं कमळ रंगवलेलं होतं. येता-जाता ते बघून आम्हांला वाटायचं, आता आपणही अशीच कमळं काढणार. पण बाईंनी आम्हांला कमळ काय, साधं पिंपळपान काढू दिलं नाही.

"चित्र नंतर," त्या म्हणायच्या. "आधी हात."

हात म्हणजे रेघा. कागदावर लांब लांब दोन ठिपके द्यायचे. पेन्सिल लगेच टेकवायची नाही. हात एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर हवेतच न्यायचा, परत आणायचा, पुन्हा न्यायचा, झोपलेल्या बाळाला थोपटावं तसा. हाताला वाट कळली असं वाटलं की मगच पेन्सिल अलगद टेकवायची आणि रेघ सोडून द्यायची. "मनगट नको, खांद्यातून येऊ दे," बाई मागून फिरत म्हणायच्या. "नजर पुढच्या ठिपक्यावर. पेन्सिलीकडं बघत बसलीस की घसरलीस." खोडरबर बाहेर काढायला बंदी होती. रेघ चुकली तर तिला तशीच राहू द्यायची आणि शेजारी दुसरी ओढायची. वर्गभर सगळ्यांच्या पेन्सिली चालायला लागल्या की सुपात बाजरी हलवल्यासारखा आवाज यायचा. मध्येच यार्डात एखादं इंजिन भोंगा द्यायचं आणि कुणाची तरी रेघ थरथरायची.

मग लंबगोल. बाईंनी घरून पितळेचा पेला आणला होता. तो पाण्यानं भरून त्या डोळ्यांसमोर धरायच्या. पाणी दिसत नाही, काठाची नुसती रेघ. पेला हळूहळू खाली यायचा आणि काठ उघडत जायचा, झोपेतून उठणाऱ्या डोळ्यासारखा. आत पाणी चमकायचं. आमचे लंबगोल दोन्ही टोकांना अणकुचीदार व्हायचे, म्हणून ती भुईमुगाची शेंग. "टोक कुठंही नाही," बाई म्हणायच्या. "वळत राहा. थांबली की टोक झालं."

आणि मग खोकी. त्यासाठी त्या आम्हांला स्टेशनजवळच्या लोखंडी पुलावर घेऊन गेल्या. खाली मालगाडी उभी होती, तपकिरी डब्यांची, लांबच लांब. जवळचा डबा केवढा थोरला, पुढचा त्याहून लहान, त्याच्या पुढचा आणखी लहान, आणि पार सोलापूरच्या बाजूला ते डबे, ते रूळ, त्या तारा, सगळं मिळून एका ठिपक्यात शिरत होतं. ऊन चढलेलं, पुलाचा कठडा तापलेला, खालून डिझेलचा आणि कुठल्यातरी डब्यातून सांडलेल्या गव्हाचा वास. "आडव्या रेघा त्या ठिपक्याकडं पळतात," बाई म्हणाल्या, "आणि उभी ती उभीच राहते. एवढं ध्यानात ठेवलंत तरी पुष्कळ."

मी घरी आल्या आल्या आण्णांना हे सांगितलं. आण्णा म्हणजे माझे वडील, इंजिन ड्रायव्हर. नुकतेच ड्युटीवरून आलेले, लोखंडी पेटी दारात टेकवून बुटाच्या नाड्या सोडत होते.

"आण्णा, लांब गेल्यावर रूळ एकमेकांना मिळतात. आम्ही पुलावरून बघितलं."

"न्हाई मिळत," आण्णा म्हणाले. "मी गेलोय की तिथवर."

आई चुलीपाशी हसली. आण्णा माझी खोकी बघायचे आणि प्रत्येक खोक्याला मालगाडीचा डबा समजून तपासायचे. "बफर कुठाय ह्याचा? आन् ब्रेकचा पाइप? अशी गाडी घिऊन मी न्हाई जायाचा बाबा." त्यांचा हात मोठा होता, काळा, नखांच्या कडा डिझेलनं रंगलेल्या. आमचे आजोबा शिरूरच्या बाजूच्या माळांवर मेंढरं वळायचे. मेंढरांमागं न जाता इंजिनावर चढलेले आमच्या घरातले आण्णा पहिलेच. त्या हातानं ते इतकी थोरली गाडी थांबवतात, याचं मला फार अप्रूप होतं. कॉलनीतून गाडी जाताना फळीवरच्या कपबश्या किणकिणायच्या, आणि ती गाडी आण्णांची असली तर आई नुसत्या भोंग्यावरून ओळखायची.

त्याच वर्षी, होळीच्या आसपास, आण्णांच्या अंगावरून वारं गेलं.

कसं झालं, का झालं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. तुकडे तुकडे आठवतात. एका पायात बूट आणि दुसरा बूट दारात आडवा. दवाखान्याची लांब हिरवी भिंत. आईच्या मुठीत घट्ट धरलेला रुमाल. आण्णा काहीतरी बोलायला जात होते आणि तोंडातून शब्द ओले, मोडके बाहेर पडत होते. ते ऐकून स्वतःच घाबरल्यासारखे ते गप्प झाले आणि मग गप्पच राहिले. उजवा पाय हळूहळू काठीच्या आधारानं चालू लागला. उजवा हात मात्र जिथं ठेवावा तिथंच राहायचा. पुन्हा इंजिनावर जाता येणार नाही, हे मोठी माणसं हलक्या आवाजात बोलायची. क्वार्टर राहणार का जाणार, हेही.

मालिशीला आणि विश्रांतीला आण्णांना शिरूरला आत्याकडे न्यायचं ठरलं. आत्या त्यांची थोरली बहीण. मालक गेल्यापासून एकटीच राहायची. आईला रेल्वेच्या ऑफिसचे हेलपाटे होते, म्हणून सुटी लागताच आण्णांच्या सोबतीला मी जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी सोनवणे बाई घरी आल्या. काखेत कागदांचा गठ्ठा होता. ऑफिसातल्या कॉम्प्युटरचे पाठकोरे कागद, दोन्ही कडांना बारीक भोकांची माळ असलेले. आण्णा भिंतीकडं तोंड करून निजले होते. बाई थोडा वेळ त्यांच्या पाठीकडं बघत उभ्या राहिल्या, मग मला अंगणात घेऊन आल्या.

"परीक्षेचं आपण नंतर बघू," त्या म्हणाल्या. "पण हात थांबवू नकोस. घरात आजारपण आलं की सगळ्यांत आधी हात थांबतात. रोज थोड्या रेघा, थोडे लंबगोल, थोडी खोकी. कंटाळा आला तरी."

आत्याचं घर नदीच्या अंगाला होतं. दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेली ओसरी आणि दारात एक कडुनिंब. तो तेव्हा मोहरलेला होता. बारीक पांढरी फुलं सारखी ओसरीवर गळायची आणि त्यांचा कडवट गोड वास दिवसभर अंगाला चिकटून राहायचा. घोडनदीचं पाणी आटलं होतं, वाळूत टरबुजांचे वेल पसरले होते. सकाळी मेंढरांचे कळप पाण्यावर जायचे. आधी घंटा ऐकू यायच्या, मग धूळ, मग ओल्या लोकरीचा वास, आणि सगळं निघून गेल्यावर मागं राहिलेल्या एखाद्या कोकराचं ओरडणं. त्या ओरडण्याला आण्णा फक्त मान हलवायचे. बाकी दिवसभर ते ओसरीवरच्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. आत्या सकाळ-संध्याकाळ तेल कोमट करून त्यांच्या हाताला चोळायची. भाकरीचं पीठ मळावं तसा ती तो हात मळायची, बोटं एकेक करून उघडायची. सोडली की ती पुन्हा मिटायची.

"बबन, बोल की रं काई तरी," ती म्हणायची. आण्णा बोलायचे नाहीत.

मी त्यांच्या बाजेशी पाट घेऊन बसायचे आणि रेघा ओढायचे. दुपारी ओसरीवर वारा सुटायचा. कागद फडफडायचे, उडायचे, निंबाखाली जाऊन पडायचे. एका हातानं कागद धरला की खांदा मोकळा राहत नाही आणि रेघ मनगटातून येते. दगड ठेवला तर कागद फाटायचा. असाच एक कागद उडून दोनदा अंगणात गेला. तो आणून मी वैतागून उभी होते, आणि समोर बाजेच्या कडेवर आण्णांचा हात पडलेला होता. तेलानं चमकणारा, उताणा.

मी पाट उचलून बाजेवर ठेवला, आण्णांचा हात दोन्ही हातांनी उचलला आणि कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला.

"आण्णा, जरा कागद धरा."

तो हात केवढा जड होता! आणि ऊबदार. आण्णांनी भिंतीकडून तोंड फिरवलं. आधी माझ्याकडं बघितलं, मग आपल्याच हाताकडं, दुसऱ्या कुणाचा तरी हात बघावा तसं. मी घाबरले. वाटलं, रागावतील. पण त्यांनी काहीच केलं नाही. मी दोन ठिपके दिले, हात हवेत फिरवला, रेघ ओढली. कागद जागचा हलला नाही. दिवस उतरेपर्यंत मी रेघा ओढत राहिले. हात उचलला तेव्हा कोपऱ्यात तेलाचा एक डाग उमटला होता, त्यातून पलीकडचं दिसावं असा. त्या डागावर पेन्सिल चालायची नाही. मग तो कोपरा मी आण्णांच्या हातासाठीच सोडायला लागले.

असे किती दिवस गेले कुणास ठाऊक. उन्हाळ्याच्या सुटीतले दिवस एकमेकांत विरघळलेले असतात. एका दुपारी आण्णा डोळे मिटून पडले होते, हात कागदावर. मी एक लांब रेघ ओढली. ती मधेच घसरली. आणि डोळे न उघडता आण्णा म्हणाले, "वाक... डी."

माझ्या हातातून पेन्सिल पडली.

"तुम्हांला कसं कळलं?"

आण्णांनी डोळे उघडले नाहीत. पडलेल्या हाताकडं नुसती हनुवटी केली.

मग तो आमचा खेळच झाला. आण्णा डोळे मिटून घ्यायचे, मी त्यांचा हात कागदावर ठेवायचे आणि रेघ ओढायचे. ते म्हणायचे "सरळ", नाहीतर "वाकडी". बहुतेक वेळा बरोबर यायचं. कधी चुकायचं, तर मी म्हणायचे, "हात झोपलाय आज." शब्द अजून जड यायचे, पण यायचे. मी उड्या मारत आत गेले. आत्या चुलीपुढं कांदा भाजत होती.

"आत्या, आण्णांच्या हाताला रेघ कळते! कागदातून कळते त्यांना!"

आत्यानं कांदा तसाच निखाऱ्यावर ठेवला आणि दाराशी येऊन आण्णांकडं बघितलं. आण्णांनी तिच्याकडं बघितलं.  मग ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून आत गेली. तिच्या हाताला राखेचा वास होता. पुढच्या आठवड्यात आई दौंडहून आली, तेव्हा मी तिलाही खेळ दाखवला. आई पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली आणि रडायला लागली. हसत हसत रडत होती. त्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून टरबूज खाल्लं. आण्णांनी हनुवटीवरून ओघळलेला रस डाव्या हातानं पुसला आणि म्हणाले, "गोड हाय." कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलले होते.

वैशाख लागला तेव्हा एकदा आण्णा म्हणाले, "मला दे."

"काय?"

"पेन्सल."

मी त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली, बोटं तिच्याभोवती बसवली. उजवा हात नेहमीसारखा कागदावर. त्यांनी पहिली रेघ ओढली ती गांडुळासारखी गेली. दुसरी त्याहून वाईट. त्यांनी कागदाकडं बघितलं, ओठ घट्ट झाले, आणि पेन्सिल त्यांनी अंगणात भिरकावली. ती निंबाखाली जाऊन पडली, आत्याच्या शेळीनं ती हुंगली. मी जाऊन उचलून आणली. टोक मोडलं होतं. मी टोक काढत बसले.  सालपटाची लांब गुंडाळी पाटावर पडली तेव्हा आण्णांनी हात पुढं केला.

"आधी हवेत, आण्णा," मी म्हटलं. "हाताला वाट कळू द्या. मग टेकवा."

"आमच्यात बी आसंच आस्तं," ते सावकाश म्हणाले. "नव्या लाइनीवर एकदम न्हाई सोडत. आधी वाट दावत्यात."

आणि त्यांनी हात हवेत फिरवायला सुरुवात केली. इकडून तिकडं, तिकडून इकडं. नजर पुढच्या ठिपक्यावर. मी पाहत होते. इतका मोठा माणूस, एवढीशी पेन्सिल. पेन्सिल टेकली. रेघ थरथरत निघाली, वाकली, सावरली आणि ठिपक्याच्या जरा खाली जाऊन पोचली.

"पोचली," आण्णा म्हणाले, आणि मोठ्यानं श्वास सोडला.

त्यानंतर आम्ही दोघंही बसायचो. एका कागदाच्या वरच्या अर्ध्यात माझ्या रेघा, खालच्या अर्ध्यात त्यांच्या. आत्या धान्य निवडत म्हणायची, "बाप-लेक एकाच येत्तेत बसल्यात. मास्तरीण तेवढी बारकी हाय." लंबगोलांना ते "चाकं" म्हणायचे. त्यांची चाकं बसकी व्हायची, पंक्चर झाल्यासारखी, आणि तसं मी म्हटलं की ओठ एका बाजूला जरा वर नेऊन, खांदे हलवून हसायचे. खोकी त्यांना लवकर जमली. रूळ कधीच मिळत नाहीत म्हणणारे आण्णा प्रत्येक डबा त्या ठिपक्याकडं नीट वळवून घ्यायचे, आणि न विसरता बफर काढायचे.

एका संध्याकाळी कळप नदीवरून परतत होते. आण्णा कागदावर वाकले होते. मला वाटलं, खोकी चाललीत. जाऊन बघितलं तर खोक्याला पाय फुटले होते. चार बारीक पाय, पुढं खाली घातलेली मान, अंगावर लंबगोलांचे वेटोळे. मेंढी होती. इंजिन चालवणाऱ्या माणसानं काढलेलं पहिलं चित्र. मान जरा लांब झाली होती, पण ती चरत होती, यात शंका नव्हती.

"बाईंनी चित्र काढायचं नाही म्हणून सांगितलंय," मी म्हटलं.

"तुला सांगितलंय. मला कुठं?"

जून लागला आणि मी दौंडला परत आले. आण्णा मागून आले, पावसाळा अर्धा सरल्यावर. इंजिनावर ते पुन्हा कधीच गेले नाहीत. बाहेरगावचे ड्रायव्हर जिथं येऊन झोपतात त्या रनिंग रूममध्ये त्यांना बैठं काम मिळालं. कुणाला किती वाजता उठवायचं ते लिहून ठेवायचं आणि उठवायचं. लिहायचं होतं डाव्या हातानं. अक्षर शेवटपर्यंत पोरसवदाच राहिलं, पण ओळ सरळ असायची. क्वार्टर राहिलं. कपबश्या किणकिणत राहिल्या. उजव्या हातात इतकीच ताकद आली की पाण्याचा तांब्या छातीशी धरता यावा.

परीक्षेला मी बसले. समोर एक तांब्या, एक खोकं आणि दोन वांगी मांडली होती. मला बी ग्रेड मिळाली. निकालाच्या दिवशी मी तोंड पाडून बाईंसमोर उभी राहिले. बाईंनी ते माझं चित्र बघितलेलंही नव्हतं. तरी म्हणाल्या, "तांब्याचं तोंड बरोबर आलं असणार. वांगी येतील पुढं." पुढं मी चित्रकलेचीच मास्तरीण झाले. कोर्ससाठी मी रोज सकाळी दौंडहून पुण्याला जायचे, तेव्हा आण्णा रनिंग रूमच्या दारात उभे असायचे. बाई निवृत्त होऊन लेकीकडे नाशिकला गेल्या. आण्णा निवृत्त झाले आणि त्यानंतर काही वर्षांनी, एका थंडीत, शांतपणे गेले. ती सगळी वर्षं आता मला एका लांब दुपारसारखी वाटतात. कुठं सुरू झाली, कुठं संपली, त्याची रेघ दिसत नाही.

माठाच्या दुकानापासून आत्याचं घर लांब नाही. ओसरीवर आता फरशी आहे, वर स्लॅब पडलाय. निंब नाही. आत्या ऐंशीच्या पुढं गेली आहे. गुडघे धरून खुर्चीत बसलेली असते, पण नजर तशीच. मी पाणी प्यायले, चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि आत्या मधेच म्हणाली, "अजून रेघाच वडती का?"

"ओढते की. आता पोरांकडून ओढून घेते."

आत्या हसली. मग जरा वेळ पदराशी चाळा करत राहिली. "एक सांगू का? सांगू नगंस म्हणला व्हता. पर आता त्यो बी न्हाई, आन् मी बी किती दिवस."

"काय गं?"

"तुझ्या आण्णाला त्या हातात काय सुदिक कळत न्हवतं. रेघ न्हाई, कागद न्हाई. मी त्याल चोळायची ते बी कळायचं न्हाई त्याला."

मी तिच्या खुर्चीजवळ सरकले.

"मग डोळे मिटून सरळ-वाकडी कसं सांगायचे?"

"तू च्च करायचीस. रेघ बिघडली की. लई बारीक, जिभंच्या शेंड्यानं. तुला बी ठाऊक न्हवतं. तेवढं ऐकायचा त्यो." आत्यानं स्वतःच ते करून दाखवलं. च्च. "तू नदीवर पाण्याला गेल्यावर म्या इचारलं, बबन, खरंच कळतंय का रं? तर म्हणला, न्हाई अक्का. पर पोरीला बोलू नगं. तिला वाटतंय हात जागा व्हतोय. तिला वाटतंय तवर मला बी वाटतंय."

बाहेर रस्त्यावरून कुणाचा तरी टेम्पो गेला.  त्या उन्हाळ्यातल्या दुपारी डोळ्यांपुढून सरकत होत्या आणि सगळ्याच जराशा वेगळ्या दिसत होत्या. इतकी वर्षं माझ्या मनात तो हात कागदावर पडून ऐकत होता. आता तिथं आण्णा दिसले, डोळे मिटलेले, श्वास धरून, माझ्या तोंडाकडं कान लावून बसलेले. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण मग असंही वाटलं की माझं इतकं बारकाईनं त्याआधी किंवा त्यानंतर कुणी ऐकलं नसेल.

"रडती व्हय?" आत्या म्हणाली.

"नाही."

"मग आसं कर, माझं चितर काढ. तवा दिसभर खोकी काढलीत दोघांनी. मी हितंच व्हते की समोर. माझं एकदा बी न्हाई काढलं."

मी पिशवीतून कागद काढला. आत्यानं पदर डोक्यावर नीट घेतला, तोंड गंभीर केलं, आणि लगेच बोलायला लागली. शेजारणीची सून, पाण्याची टाकी, तिची औषधं. मी म्हटलं, "आत्या, हलू नको," तर म्हणाली, "तोंड हलतंय, नाक कुठं हलतंय?" मी हात हवेत फिरवला. कपाळाची रेघ, भुवयांचा उंचवटा, गालांवरून उतरलेल्या सुरकुत्या, एका बाजूला जरा वर गेलेला ओठ. घाई केली नाही. ऊन ओसरीच्या फरशीवरून सरकत भिंतीला लागलं, तोवर चित्र झालं.

आत्यानं कागद घेतला. चष्मा शोधला, घातला, कागद लांब धरला, जवळ आणला. चित्रातल्या डोक्यावरचा पदर तिनं तळहातानं झाकला आणि फक्त चेहरा बघत राहिली.

"ही मी न्हाई," ती म्हणाली.

"नीट नाही आलं का? पुन्हा काढते."

"नगं. पुन्यांदा नगं काढू." तिनं अंगठ्यानं त्या वर गेलेल्या ओठाला हात लावला, हलकेच, पुसू नये म्हणून. "हा आमचा बबन हाय."

मी कागद घ्यायला हात पुढं केला. आत्यानं तो दिला नाही. पदराखाली धरून ती बसून राहिली, आणि अंधारून आलं तेव्हा मला म्हणाली, "जा, दिवा लाव."